वाळवंटाची वाट : साहस आणि सेवा

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

'वाळवंट' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर प्रथम पडतो तो भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, पंढरीच्या वाटेवरून. चंद्रभागेच्या वाळवंटात वारकऱ्यांचा मेळा जमतो, टाळ-मृदंग वाजतात, कीर्तन रंगते. म्हणजे आपल्या भाषेतले मूळचे वाळवंट नदीकाठचे आहे, पाण्याच्या शेजारचे आहे आणि माणसांनी गजबजलेले आहे. भूगोलातले वाळवंट मात्र नेमके याच्या उलट समजले जाते. तेथे पाणी नाही, माणूस नाही, आहे ती नुसती वाळू. ही दुसरी समजूत बरीचशी चुकीची आहे, आणि साहसासाठी अथवा सेवेसाठी वाळवंटात गेलेल्यांच्या हातून ज्या बऱ्यावाईट गोष्टी घडल्या त्यांपैकी पुष्कळशा या समजुतीशी निगडित आहेत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. जगातील अनेक संस्था आज तरुणांना वाळवंटात बोलावीत आहेत. कोणी उंटावरून किंवा पायी मोहीम काढतात, कोणी झाडे लावण्यासाठी नेतात, तर कोणी वन्य प्राण्यांची नोंद ठेवण्यासाठी. बहुतेक ठिकाणी जाणाऱ्यानेच पैसे भरावयाचे असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात घमेली उचललेल्या आणि सुटीत सह्याद्रीतले गड पालथे घातलेल्या आपल्यासारख्यांना अशा निमंत्रणाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु जाण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे : आपल्या जाण्याने तेथील पाणी वाढते की घटते? हा प्रश्न शब्दशः घ्यावा, आणि व्यापक अर्थानेही घ्यावा.

१. वाळवंट म्हणजे काय?

सर्वसाधारणपणे ज्या प्रदेशात वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो त्यास वाळवंट म्हणतात. आपल्या माणदेशात याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो आणि तरीही आपण त्याला दुष्काळी भाग म्हणतो. यावरून वाळवंटाच्या कोरडेपणाची कल्पना यावी. सगळ्या वाळवंटांचे कारण मात्र एक नव्हे. सहारा आणि अरबस्तान येथे वरून खाली उतरणारी कोरडी हवा पाऊस पडू देत नाही. नामिब आणि अटाकामा यांच्या किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतात. तेथे धुके येते, पण पाऊस येत नाही. गोबी समुद्रापासून फार दूर आहे, तर तकलामकानला पर्वतांनी वेढले आहे. सह्याद्रीमुळे माणदेशाच्या वाट्यास जी पर्जन्यछाया येते, तिचेच हे उग्र रूप होय.

दुसरी गोष्ट अशी की, जगातील वाळवंटांचा सुमारे पाचवा हिस्साच वाळूचा आहे. उरलेला दगडगोट्यांचा, खडकाळ पठारांचा आणि मिठागरांसारख्या सपाट खोलगट भागांचा आहे. सहारात वाळूच्या समुद्रास 'अर्ग', खडकाळ पठारास 'हमादा' आणि गोट्यांच्या मैदानास 'रेग' अशी वेगवेगळी नावे आहेत. जेथे बाहेरच्या माणसाला सर्वत्र सारखेच दिसते, तेथे राहणाऱ्याला इतके भेद दिसतात.

उष्णतेबद्दलही एक दुरुस्ती करावयास हवी. लिबियातील अल् अझिझिया येथे १९२२ साली ५८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, असे जुन्या पुस्तकांतून आपण पाठ केले आहे. जागतिक हवामान संघटनेने ही नोंद २०१२ मध्ये रद्द ठरविली. सध्या मान्य असलेला उच्चांक कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीचा, १९१३ मधील ५६.७ अंशांचा आहे. दिवसा इतके तापणारे वाळवंट रात्री थंड पडते. हवेत बाष्प आणि ढग नसल्यामुळे जमिनीची उष्णता अडविणारे काही उरत नाही, ती सरळ आकाशात निघून जाते.

अशा हवेत माणसाचे शरीर घामावाटे तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी गमावू शकते. उंटाचे शरीर निराळ्या हिशेबाने चालते. त्याच्या मदारीत पाणी नसून चरबी असते. त्याचे खरे बळ दुसरीकडे आहे. श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये सहारातील बेनी अब्बेस येथे केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, तहानलेला उंट आपल्या शरीराचे तापमान दिवसभरात सुमारे ३४ अंशांपासून ४० अंशांपर्यंत चढू देतो आणि घाम वाचवितो. वजनाच्या पाव हिश्श्याएवढे पाणी गेले तरी तो चालत राहतो आणि पाणी मिळताच काही मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पिऊन टाकतो. माणसाला यातले काहीच जमत नाही. त्याच्यापाशी एकच साधन आहे, ते म्हणजे पाणी कोठे आहे हे ठाऊक असणे. हे ज्ञान तो बरोबर घेऊन जात नाही. तेथे राहणाऱ्यांकडून घेतो.

२. साहसी प्रवासी आणि त्यांचे सोबती

अरबस्तानच्या दक्षिणेस 'रुब अल् खाली' नावाचे अफाट वाळवंट आहे. या नावाचा अर्थच 'रिकामा चतुर्थांश' असा होतो. बर्ट्रम थॉमस या इंग्रजाने १९३०-३१ च्या हिवाळ्यात सलालाहून निघून ते ओलांडले आणि दोहा गाठले. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, सेंट जॉन फिल्बीने दुसऱ्या मार्गाने ते पार केले. 'ओलांडणारा पहिला माणूस' असा थॉमसचा उल्लेख केला जातो. तेव्हा 'पहिला युरोपीय' असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल, कारण त्याला वाट दाखविणारे बदू त्याच्या पुढेच चालत होते.

यांच्यानंतरचे मोठे नाव विल्फ्रेड थेसिजर (१९१०-२००३) याचे. थेसिजरला या वाळवंटात जाण्याची संधी मिळाली ती टोळांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास टोळधाडींचा बंदोबस्त करणाऱ्या ब्रिटिश यंत्रणेला टोळांची पैदास नेमकी कोठे होते हे शोधावयाचे होते आणि तिने हे काम त्याच्याकडे सोपविले. आपणास हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. मे २०२० मध्ये राजस्थानकडून आलेले टोळ अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांपर्यंत पोहोचले होते. वाळवंटात अवेळी पडलेल्या पावसाचा हिशेब विदर्भातल्या संत्र्यांच्या बागांना द्यावा लागतो, तो असा.

थेसिजरने १९४६-४७ आणि १९४७-४८ अशा दोन वेळा रुब अल् खाली ओलांडले. मोटार न वापरता, बदूंचा वेष करून, त्यांचेच अन्न खाऊन आणि त्यांच्याइतकेच मोजके पाणी पिऊन त्याने हा प्रवास केला. राशिद टोळीतील बिन कबिना आणि बिन गबैशा हे दोन तरुण त्याचे विश्वासू सोबती होते. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'अरेबियन सँड्स' या त्याच्या ग्रंथात त्याने एक प्रसंग सांगितला आहे. कित्येक दिवसांच्या उपासमारीनंतर या मंडळींना एक ससा मिळाला. तो शिजत असतानाच अनोळखी पाहुणे आले, आणि सोबत्यांनी सगळे अन्न पाहुण्यांपुढे ठेवले. आदरातिथ्य हा तेथे केवळ शिष्टाचार नव्हे. आज ज्याला अन्न दिले, तोच उद्या आपल्याला विहिरीची वाट सांगणार असतो. वाळवंटात माणूस टिकतो तो या व्यवहारावर.

याच थेसिजरला पुढे एका गोष्टीची खंत वाटली. आपण काढलेल्या नकाशांच्या आधारे पुढे निराळ्याच हेतूंनी माणसे या प्रदेशात आली आणि त्या लोकांचे जीवन बिघडले, असे त्याने लिहिले आहे. तेल सापडल्यावर बदूंचे जुने जीवन फार वेगाने संपले. ते एका प्रवाशामुळे संपले असे म्हणता येणार नाही. परंतु साहस करणारा आपल्यामागे नुसती पावले सोडून जात नाही, वाटही सोडून जातो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

थेसिजरहून निराळे उदाहरण रॉबिन डेव्हिडसन या ऑस्ट्रेलियन तरुणीचे आहे. १९७७ साली चार उंट आणि एक कुत्री बरोबर घेऊन तिने ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील ॲलिस स्प्रिंग्जच्या परिसरातून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सुमारे २,७०० किलोमीटरचा प्रवास केला. 'एकटी बाई वाळवंटात' म्हणून तिचा खूप गाजावाजा झाला. पण तिच्या 'ट्रॅक्स' (१९८०) या पुस्तकात सर्वांत आनंदाचे दिवस आहेत ते एका वृद्ध आदिवासीच्या सोबतीचे. पिटजन्टजट्जारा जमातीचे हे वृद्ध गृहस्थ वाटेत काही आठवडे तिच्याबरोबर चालले. जो प्रदेश गोऱ्यांच्या नकाशावर रिकामा होता, त्यातल्या प्रत्येक टेकडीला त्यांच्या लेखी नाव होते आणि कथा होती.

या प्रवासात एक भारतीय धागाही आहे. ऑस्ट्रेलियात उंट मूळचे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जहाजातून तेथे नेण्यात आले आणि त्यांच्याबरोबर बलुचिस्तान, सिंध, पंजाब, राजस्थान आणि अफगाणिस्तान येथील उंटवालेही गेले. या सर्वांना तेथे सरसकट 'अफगाण' म्हटले जाई. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग 'शोधून काढणाऱ्यांची' नावे शहरांना आणि पर्वतांना मिळाली. तारेचे खांब आणि रेल्वेचे रूळ पाठीवर वाहून नेणाऱ्या उंटांच्या मालकांची नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

३. शर्यतींचे वाळवंट

साहसाला जेव्हा घड्याळ लावले जाते तेव्हा त्याचे रूप पालटते. थिएरी साबीन हा फ्रेंच मोटारसायकलस्वार १९७७ मध्ये एका शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि वाचला. त्यातूनच त्याला पॅरिस ते डाकार या शर्यतीची कल्पना सुचली, आणि २६ डिसेंबर १९७८ रोजी पहिली शर्यत पॅरिसहून सुटली. पुढील वर्षांत या शर्यतीने कित्येक स्पर्धकांचे प्राण घेतले. १९८६ मध्ये खुद्द साबीनही शर्यतीच्या काळातच हेलिकॉप्टर अपघातात मरण पावला. मात्र ज्यांनी कोणत्याही शर्यतीत नाव घातलेले नव्हते अशी वाटेवरच्या खेड्यांतली माणसे आणि मुलेही त्या गाड्यांखाली आली. हे मरण साहसाच्या हिशेबात कोठे मांडावयाचे? मॉरिटानियातील हत्याकांड आणि धमक्या यांमुळे २००८ ची शर्यत रद्द झाली. त्यानंतर ती दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरू लागली. नाव मात्र अजून डाकारचेच आहे!

मोरोक्कोतील 'मॅरेथॉन दे साब्ल' ही पायी शर्यत यापेक्षा सौम्य. पॅट्रिक बाउर याने १९८४ मध्ये सहारात सुमारे ३५० किलोमीटर एकट्याने चालून पाहिले आणि १९८६ मध्ये ही शर्यत सुरू केली. आपले अन्न पाठीवर घेऊन सुमारे २५० किलोमीटर धावावयाचे असते. १९९४ मध्ये माउरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावपटू वाळूच्या वादळात सापडला. वादळात थांबावे, हा नियम असताना तो पुढे जात राहिला, आणि नऊ-दहा दिवसांनी थेट शेजारच्या अल्जीरियात सापडला. एका ओसाड दर्ग्यात वटवाघळे खाऊन त्याने जीव जगविला होता. त्याला प्रथम आसरा दिला तो भटक्या पशुपालकांनी.

४. सेवेची तीन उदाहरणे

स्वतःच्या खर्चाने परक्या देशात जाऊन अंगमेहनत करावयाची, ही कल्पना तशी जुनी नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थाने व्हर्दूंजवळच्या उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांच्या तरुणांचे श्रमशिबिर भरविले. हेच सेरेझोल १९३४ च्या भूकंपानंतर आपल्या बिहारमध्येही पुनर्वसनाच्या कामास आले होते. महाराष्ट्रात बाबा आमटे यांच्या सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावणीने हाच संस्कार तरुणांच्या पिढ्यांना दिला. तेव्हा आपल्याला ही परंपरा उसनी घ्यावयाची नाही. वाळवंटात तिचे काय होते, तेवढे पाहावयाचे आहे.

पहिले उदाहरण प्राध्यापक सेईएई तोयामा (१९०६-२००४) यांचे. जपानमधील तोत्तोरी येथे समुद्रकाठी वाळूच्या टेकड्या आहेत. या वाळूत शेती कशी करावी, यावर तोत्तोरी विद्यापीठात त्यांनी आयुष्य घालविले. तरुणपणी १९३५ मध्ये ते अभ्यासासाठी चीनमध्ये गेले होते. जपानने चीनवर लादलेल्या युद्धामुळे त्यांना परतावे लागले. निवृत्तीनंतर ते पुन्हा चीनमध्ये गेले. १९९१ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंचाऐंशीच्या घरात, त्यांनी अंतर्गत मंगोलियातील कुबुची वाळवंटात एंगेबेई येथे झाडे लावण्यास आरंभ केला. जपानमधून हजारो स्वयंसेवक स्वखर्चाने तेथे आले आणि त्यांनी तीस लाखांहून अधिक पॉप्लर लावले. २००३ मध्ये तोयामा यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या देशाच्या सैन्याने चीनमध्ये अनन्वित अत्याचार केले, त्या देशातील वृद्ध प्राध्यापक फावडे घेऊन वर्षातले कित्येक महिने तेथे राहतो, यात झाडांपलीकडचे काही आहे. यास प्रायश्चित्त म्हणावे की मैत्री, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परंतु अभ्यासकाने येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. झाड म्हणजेही पाणी पिणारा जीव आहे. कोरड्या प्रदेशात दाट आणि पाणी जास्त ओढणारी झाडे लावली, तर भूजल खाली जाते आणि काही वर्षांनी झाडेही वठतात, असे चीनमधील शास्त्रज्ञांनीच दाखवून दिले आहे. म्हणून अलीकडे झुडपे, स्थानिक गवत आणि वाळू बांधून ठेवणारे गवताचे चौकोन यांवर तेथे अधिक भर दिला जातो. किती झाडे लावली, हा आकडा सोपा असतो. किती जगली आणि कोणाच्या पाण्यावर जगली, हे मोजणे कठीण असते.

दुसरे उदाहरण नामिबियाचे. तेथील उगाब, हुआब इत्यादी कोरड्या नद्यांच्या पात्रांत वाळवंटाशी जुळवून घेतलेले हत्ती राहतात. शिकार आणि युद्धकाळ यांमुळे उगाबच्या भागातून ते नाहीसे झाले होते. पुढे ते परतले, पण मधल्या काळात तेथील लोकांना हत्तीच्या शेजाराची सवय राहिली नव्हती. हत्ती एका दिवसात शंभर लिटरहून अधिक पाणी पितो. तहानलेला कळप शेतकऱ्याच्या पवनचक्कीवर आला, की टाकी फुटते आणि नळ उखडतात. मग शेळ्यामेंढ्यांनी काय प्यावे? 'एलिफंट-ह्यूमन रिलेशन्स एड' ही संस्था येथे स्वयंसेवकांना बोलाविते. त्यांनी एक आठवडा दगड, वाळू आणि सिमेंट वाहून पाणवठ्याच्या यंत्राभोवती भिंत बांधावयाची आणि दुसऱ्या आठवड्यात हत्तींचा माग काढून नोंद ठेवावयाची, अशी पद्धत आहे. भिंतीमुळे पंप आणि टाकी सुरक्षित राहतात आणि हत्तींसाठी वेगळे पाणी ठेवता येते.

या कामाचे मला विशेष वाटते ते असे, की त्याला बांधकामाचे मोठे कौशल्य लागत नाही, आणि पाहुणे गेल्यावरही भिंत उभी राहते. शिवाय हत्ती वाचवावयाचे असतील तर प्रथम शेतकऱ्याची टाकी वाचवावी लागते, ही साधी गोष्ट तेथे ओळखली गेली. नामिबियाने १९९६ च्या कायद्याने गावसमूहांना वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचे हक्क दिले. या कायद्यामुळे जिवंत हत्ती ही गावाची मिळकत ठरू शकते.

तिसरे उदाहरण सर्वांत कठीण आहे. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवर सोनोरा वाळवंट आहे. शहरांजवळची सीमा बंदोबस्ताने कडक केल्यावर कामाच्या शोधात येणारी गरीब माणसे वाळवंटातून येऊ लागली आणि तहानेने मरू लागली. एकट्या दक्षिण ॲरिझोनात २००० सालानंतर चार हजारांहून अधिक माणसांचे अवशेष सापडले आहेत. २००० च्या सुमारास 'ह्यूमेन बॉर्डर्स' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी वाळवंटात पाण्याची पिंपे ठेवण्यास सुरुवात केली. दुरून दिसावे म्हणून प्रत्येक पिंपाजवळ उंच काठीवर निळे निशाण लावतात. २००४ पासून 'नो मोअर डेथ्स' हा गटही पायवाटांवर पाणी ठेवू लागला. सुटीत दूरदूरचे विद्यार्थी या कामास येतात.

हे काम कायद्याच्या कचाट्यात सापडले. संरक्षित क्षेत्रात पाणी आणि डबाबंद अन्न ठेवल्याबद्दल चार स्वयंसेवकांना जानेवारी २०१९ मध्ये दोषी ठरविण्यात आले. पुढच्या वर्षी वरच्या न्यायाधीशांनी ती शिक्षा रद्द केली. स्कॉट वॉरन हा भूगोलाचा अध्यापक. दोन स्थलांतरितांना आसरा दिल्याबद्दल त्याला जानेवारी २०१८ मध्ये अटक झाली. जून २०१९ मध्ये पंचांचे एकमत झाले नाही; नोव्हेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या खटल्यात तो निर्दोष सुटला. सीमा असावी की नसावी, किती जणांना आत घ्यावे, या प्रश्नांवर सुज्ञ माणसांत मतभेद असू शकतात. परंतु तहानेने मरत असलेल्याला पाणी द्यावे की नाही, हा त्यांपैकी प्रश्न नव्हे. बदूंच्या वाळवंटात ज्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते, ते येथे न्यायालयात विचारावे लागले.

५. आपले थर

आता आपल्या देशाकडे वळू. थर हे जगातील दाट लोकवस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. एवढी माणसे तेथे शतकानुशतके कशी राहिली, याचे उत्तर 'राजस्थान की रजत बूंदें' (१९९५) या हिंदी पुस्तकात अनुपम मिश्र यांनी दिले आहे. अनुपम मिश्र (१९४८-२०१६) यांचा जन्म आपल्या वर्ध्याचा.

मरुभूमीतील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात, असे ते सांगतात. पावसाचे, ओढ्या-तळ्यांतून साठणारे ते 'पालर पानी'. खोल विहिरीतले, बहुधा खारे, ते 'पाताल पानी'. आणि या दोहोंच्या मधले ते 'रेजाणी पानी'. काही भागांत वाळूच्या खाली खडिया दगडाचा (जिप्समचा) एक पट्टा असतो. वाळूत मुरलेला पाऊस या पट्ट्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तो ओलावा होऊन वाळूतच अडकून राहतो. तेथे 'कुई' म्हणजे अगदी अरुंद विहीर खणतात. सभोवतीची ओल थेंबाथेंबाने तिच्यात झिरपते आणि दिवसाकाठी दोन-तीन घडे गोड पाणी मिळते. खणणारा आत उतरतो तेव्हा डोक्यावर धातूचे भांडे टोपासारखे घालतो, आणि वरचे लोक मूठमूठ वाळू जोराने आत फेकतात. त्यामुळे ताजी हवा खाली जाते आणि आतली गरम हवा वर येते. कुई ज्याची त्याची असते. पण नवी कुई खणावयाची तर गावाची संमती लागते, कारण भोवतालची ओल सर्वांची असते. पदार्थविज्ञान, भूगर्भशास्त्र आणि नीतिशास्त्र या तिन्हींचा असा मेळ आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच पडतो.

आज कालव्याचे आणि नळाचे पाणी थरमधील अनेक गावांत पोहोचले आहे, आणि ते पोहोचावयासच हवे होते. तरीही हिशेब लक्षात ठेवावा : एका कुईचे दिवसभराचे पाणी म्हणजे जेसलमेरजवळच्या तंबूत उतरलेल्या एका पाहुण्याची एक अंघोळ.

झाडांच्या बाबतीतही थर आपणास धडा देतो. तेथील खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती हीच. खेजडीसाठी १७३० मध्ये खेजडली गावी अमृतादेवींसह ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले, असे परंपरा सांगते. खेजडीच्या सावलीत पीक येते, शेंगांची भाजी होते, पाला जनावरे खातात. उलट 'ओसाड जमीन हिरवी करू' म्हणून परदेशातून आणलेली वेडी बाभूळ माजली आणि तिने कित्येक गायराने गिळली. माळढोक पक्ष्याची गोष्टही अशीच आहे. त्याला झाडे नकोत, मोकळे गवताळ माळ हवेत. सोलापूरजवळचे नान्नज आणि जेसलमेरचे राष्ट्रीय मरू उद्यान, दोन्हीकडे तो याच माळांसाठी येत असे. आज सबंध देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरले आहेत. माळाला 'पडीक' म्हणून त्यावर उत्साहाने रोपे लावणारा स्वयंसेवक नकळत माळढोकाचे घरच मोडत असतो.

६. जाणाऱ्याने काय करावे?

प्रथम स्वतःपुरते. वाळवंटात जावयाचे ते हिवाळ्यात. अंग झाकणारे सैल सुती कपडे आणि डोक्याला पागोटे अथवा मोठा रुमाल असावा. उघड्या अंगाने घाम लवकर उडतो. चालणाऱ्याला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात याहूनही अधिक. मीठ-साखरही जवळ असावी. सकाळी आणि सायंकाळी चालावे, दुपारी सावलीत पडून राहावे. कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे मागे सांगून ठेवावे. गाडी बंद पडली तर गाडी सोडू नये. माणसापेक्षा गाडी दुरून लवकर दिसते. जोडे घालण्यापूर्वी झटकावेत, विंचू असू शकतो. आणि कोरड्या नदीच्या पात्रात मुक्काम करू नये. इझाबेल एबरहार्ट ही सहारात वर्षानुवर्षे हिंडलेली लेखिका २१ ऑक्टोबर १९०४ रोजी अल्जीरियातील ऐन सेफ्रा येथे मरण पावली ती तहानेने नव्हे, अचानक आलेल्या लोंढ्यात घर कोसळून.

त्यानंतर संस्थेविषयी. पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात. हे काम गावाने मागितले आहे काय? आपण करणार ते काम तेथील बेकार तरुण मजुरीवर करू शकला असता काय? आपले पैसे गावात किती पोहोचतात? गेल्या पाच वर्षांपूर्वीच्या तुकडीने केलेल्या कामाचे आज काय झाले आहे? आपल्या मुक्कामाचे पाणी कोठून येते? ज्या संस्थेला यांची उत्तरे सरळ देता येतात तिच्याबरोबर जाण्यास हरकत नसावी. उत्तराऐवजी सूर्यास्ताची छायाचित्रे दाखविणाऱ्या संस्थेपासून दूर राहिलेले बरे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल : दोन आठवड्यांच्या स्वयंसेवकाकडून एवढी अपेक्षा का? तो निदान काही शिकून तरी परततो. हा आक्षेप खोटा नाही. पण मग त्यास 'सेवा' न म्हणता 'शिक्षण' म्हणावे, आणि शिकविणाऱ्याला गुरुदक्षिणा द्यावी. उलाढालीचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो हे मान्य केले, की पाहुण्याची मान आपोआप थोडी खाली झुकते. तोयामा यांचे मोठेपण तीस लाख झाडांपेक्षा यात अधिक आहे की, ते तेथे राहिले. नामिबियातील भिंतीचे मोठेपण ती आधी कोणाची टाकी राखते यात आहे. आणि ॲरिझोनातील निळ्या निशाणाखाली पाणी ठेवणाऱ्याला पिणारा कधी भेटत नाही, आभारही मिळत नाहीत.

शेवटी एक सूचना. आपल्या भूगोल विभागाची सहल कधी जेसलमेरला गेली, तर समच्या टेकड्यांवरील सूर्यास्त जरूर पाहावा. मात्र एक दिवस राखून एखाद्या गावात जावे, तेथील वडीलधाऱ्यांच्या परवानगीने जुनी कुई, तळे, टाके पाहावे, ते कोणी खणले, कोण राखतो, वाटणी कशी होते हे विचारून लिहून घ्यावे. आणि परतल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात, बांध कोठे घालावयाचा हे ठरविण्यापूर्वी, आपल्या गावातील म्हाताऱ्या माणसांना हेच प्रश्न विचारावेत. चंद्रभागेचे वाळवंट माणसांनी भरलेले आहे, हे आपणास ठाऊक आहे. थरचे आणि सहाराचेही तसेच आहे. तेथे जाताना आपण रिकाम्या जागी जात नसून कोणाच्या तरी घरी जात आहोत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.